गेदरचं गरम सँडविच



मागच्या वेळी मी सुक्या जवळ्याच्या चटणीबद्दल बोलले, तर चार जणींचे निरोप आले. सगळ्यांचं म्हणणं एकच. ताई, आमची पोरं सुक्याचा वास आला की नाक मुरडतात, त्यांना सँडविच पाहिजे असतं. बरं, मग आज सँडविचच करू. गरम, वितळलेल्या चीजचं. पण आत बटाटा नाही, मासा. तोसुद्धा आपल्या बंदरावरचा, ज्याला लिलावात कोणी फारसं विचारत नाही तो.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा आखातात कामाला आहे. एका सुट्टीत त्याने येताना चपटे डबे आणले, हाताच्या पंजात मावतील एवढे. वर इंग्रजीत लिहिलेलं, ट्यूना. त्याने डबा फोडला, आतला मासा कांद्यात कालवला, ब्रेडमध्ये घातला, वर चीज ठेवलं आणि तव्यावर भाजून आम्हा सगळ्यांना खायला दिलं. म्हणाला, तिकडे ड्युटीवरून आल्यावर रात्री हेच खातो, दहा मिनिटांत होतं. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, हा तर आपल्या गेदरसारखा लागतोय!

आणि खरंच तसं आहे. ट्यूना म्हणजे एकच मासा नाही, ते एक कूळ आहे. आपल्याकडे ज्याला कोणी गेदर म्हणतं, कोणी कुपा म्हणतं, तो त्याच कुळातला. डब्यात येतो तो बहुतेक वेळा त्याचा भाऊबंद असतो, तोच नाही, पण मांस तसंच, लालसर आणि घट्ट. आपली सुरमई आणि बांगडा हेसुद्धा याच गोतावळ्यातले. मग मला सांगा, सुरमईसाठी लिलावात बोलीवर बोली चढते आणि गेदर मात्र क्रेटमध्ये पडून राहतो, हे का? तर त्याला रक्त फार, मांस काळपट, आणि नीट केला नाही तर कालवण उग्र होतं. पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाईला विचारा. संध्याकाळी पाटीत उरतो तो गेदरच.

डब्यातल्या ट्यूनाचीही गोष्ट अशीच आहे, मला प्रशिक्षणात कळली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सॅन पेद्रो म्हणून बंदर आहे. तिथे तारलीसारखा मासा डब्यात भरायचा कारखाना होता. 1903 साली त्यांना तो मासा पुरेसा मिळेना. कारखाना बसून राहणार, म्हणून त्यांनी ट्यूना वाफवून डब्यात भरून पाहिला. वाफवल्यावर मांस पांढरं होतं आणि कोंबडीसारखं लागतं, हे लोकांच्या लक्षात आलं आणि तो खपायला लागला. म्हणजे तिकडेही हा मासा अडचणीच्या वेळी ताटात आला. आपल्या देशात लक्षद्वीपची माणसं मात्र पूर्वीपासून त्याच्यावरच जगतात. तिथे मिनिकॉय बेटावर गळाने एकेक ट्यूना धरतात, उकडतात, धुरी देतात आणि उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात. त्याला मास म्हणतात, आणि तो महिनोन् महिने टिकतो.

आता कृतीकडे वळण्याआधी मला एक सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय मी गेदरची कृती कोणाला देत नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आली होती. मी सकाळच्या लिलावातून दोन गेदर घेतले, चांगले फडफडीत ताजे. टोपलीत ठेवले, वर ओला फडका टाकला. बर्फ घ्यायचा तर पुन्हा वर चढून जावं लागणार होतं, म्हटलं आता घरीच तर जायचंय. पण वाटेत गटाच्या पासबुकाचं काम निघालं, तिथे रांग. मग एका मैत्रिणीकडे पाणी प्यायला थांबले. घरी पोचायला तीन वाजले. मासा हुंगून पाहिला, काही वास नाही. डोळेही बरे दिसत होते. कापला, तुकड्या तळल्या, उरलेल्याचं तिरफळ घालून कालवण केलं. तरी जेवायला सात वाजले.

अर्धा तास झाला नसेल, नणंदेचा धाकटा म्हणाला, मामी, तोंडात चुरचुरतंय. मी म्हटलं, तिरफळ लागलं असेल. तेवढ्यात त्याचा चेहरा लालबुंद झाला, मग मान, मग छाती. अंगावर गांधी उठल्या. थोरलीचं डोकं ठणकायला लागलं, तिने उलटी केली. नवऱ्याचं अंग गरम, छाती धडधडायला लागलेली. सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला बसल्या. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मासा कुठला खाल्ला? मी सांगितलं. दुसरा प्रश्न, बर्फात होता का?

मी काय उत्तर देणार?

गोळ्या-इंजेक्शनाने रात्रीतून सगळे बरे झाले. पण नणंदेने पुढची दोन वर्षं माझ्या घरी मासा खाल्ला नाही. तोंडाने काही बोलली नाही. भाकरी आणि आमटी घ्यायची, बस.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते तुम्हालाही सांगते. लाल मांसाच्या माशांत, म्हणजे गेदर, बांगडा, तारली यांच्यात एक द्रव्य मुळातच भरपूर असतं. मासा मेला आणि उबेत राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यातले जंतू वाढतात आणि त्या द्रव्याचं हिस्टामीन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपल्या शरीरात जे सुटतं, तेच हे. ते माशातच तयार होऊन बसलं की मग तुम्ही तळा, उकळा, कुकरच्या चार शिट्ट्या करा, ते जात नाही. फ्रीजरमध्ये दगड केलात तरी जात नाही. जंतू मरतील, हिस्टामीन तसंच राहील. आणि वाईट म्हणजे मासा सडका लागेलच असं नाही. माझा लागला नव्हताच. कधी कधी जिभेवर मिरी चावल्यासारखी चुरचुर होते, तेवढीच खूण. तशी चुरचुर झाली तर घास थुंका आणि ताट बाजूला सारा, माशाचे पैसे गेले तर जाऊ देत. तोंड लाल झालं, खाज सुटली तर दवाखाना गाठा. श्वासाला त्रास व्हायला लागला किंवा जीभ-ओठ सुजले तर एक मिनिटही थांबू नका.

त्यावर इलाज एकच आहे, थंडी, आणि तीही मासा पाण्याबाहेर आल्यापासून. म्हणून गेदर घेताना मी आता आधी मासा बघत नाही, क्रेट बघते. बर्फ माशाच्या खाली आहे का, वर आहे का, की नुसता दाखवायला चार खडे टाकलेत? तांडेलाला विचारते, होडीवर बर्फ नेला होता का? पहिल्यांदा विचारलं तेव्हा हसले. आता मी दिसले की खलाशी स्वतःहूनच ओरडतात, मावशी, बर्फातला आहे!

एक किलो माशाला एक किलो बर्फ. हे प्रमाण ध्यानात ठेवा. थर्माकोलच्या बॉक्समध्ये खाली बर्फाचा थर, मग मासा, वर पुन्हा बर्फ. बर्फ बारीक फोडलेला हवा, मोठी लादी माशाला सगळीकडून टेकत नाही. वितळलेलं पाणी काढून टाकत जा. घरी पोचल्यावर आधी चहा नाही, आधी मासा. कल्ले आणि आतडी काढा, धुवा, आणि लगेच करायचा नसेल तर पुन्हा बर्फात नाहीतर फ्रीजमध्ये. ओटीवर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, हे मी कोणाला सांगतेय ते मलाच ठाऊक.

मासा पारखायचा तर पाठ निळीकाळी चकचकीत हवी, तिच्यावर नागमोडी रेघा स्पष्ट दिसायला हव्यात. पोट बोटाने दाबलं की परत वर यायला हवं. कल्ले लाल, तपकिरी नकोत. पण माझं ऐकाल तर या सगळ्यापेक्षा बर्फ मोठा.

आता कापणं. गेदरला खवले नसल्यातच जमा, फक्त डोक्यामागे थोडे जाड असतात. डोकं काढा आणि काट्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लांब पट्ट्या सोडवा. प्रत्येक पट्टीच्या मधोमध काळं-लाल मांस दिसेल, जाड रेघेसारखं. सगळा उग्रपणा त्यात असतो. सँडविचसाठी ते विळीवर कापून वेगळं काढा. टाकायचं नाही हं. त्यात लोह चांगलं असतं. आलं-लसूण, कोकम आणि भरपूर कांदा घालून त्याचं सुकं करा, भाकरीबरोबर मस्त लागतं. आमच्या घरी ते नवऱ्याच्या वाट्याचं.

उरलेलं फिकट मांस स्वच्छ धुऊन मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, तेवढा वेळ फ्रीजमध्ये. पातेल्यात मासा बुडेल एवढं पाणी, त्यात मीठ, ठेचलेलं आलं, चार लसूण पाकळ्या, चिमूट हळद आणि तीन-चार आमसुलं. पाणी उकळलं की मासा सोडा आणि आच बारीक करा. खळखळ उकळू द्यायचं नाही, मासा चिवट होतो. बारा ते पंधरा मिनिटांत आतपर्यंत पांढरा होतो. सुरीच्या टोकाने उघडून बघा, मध्ये गुलाबी दिसलं तर अजून दोन-तीन मिनिटं. मग बाहेर काढा, निथळा, हाताला सोसेल इतका निवला की बोटांनी कुस्करा. कुस्करतानाच काटे हाताला लागतात, ते काढून टाका. लहान मुलांना द्यायचं असेल तर दोनदा चाचपा.

इथे बहुतेक जणी चुकतात. मासा ओला ठेवतात. मग ब्रेड खालून भिजतो, तव्यावर चिकटतो, आणि खाताना सगळा लगदा हातात येतो. कुस्करलेला मासा स्वच्छ फडक्यात बांधून हलकेच पिळा. ते पाणी फेकू नका, सारात घाला.

पाव किलो कुस्करलेल्या माशाला एक मोठा कांदा, अगदी बारीक चिरलेला. दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू, मिरपूड. मीठ चाखून, कारण मासा खारट आहे आणि चीजही खारट असतं. हे सगळं बांधायला बाहेर मेयोनीज घालतात. विकतचं असेल तर घाला, पण घरी कच्च्या अंड्याचं करायच्या भानगडीत पडू नका, आपल्या उन्हाळ्यात ते टिकत नाही. मी दही फडक्यात टांगून चक्का करते. तीन मोठे चमचे चक्का आणि चिमूटभर मोहरीची पूड. मोहरी नाकात जायला हवी, मग माशाचा वास मागे पडतो.

ब्रेडच्या कापाला आतून किसलेलं चीज पसरा, त्यावर मासा, मासा जाड नको, बोटाच्या एका पेराहून कमीच, आणि वर पुन्हा चीज. दोन्ही बाजूंना चीज का? ते वितळून मासा ब्रेडला धरून ठेवतं, सँडविच उचललं की सांडत नाही. चीज सरळ फ्रीजमधलं किसा, उबेत मऊ पडलं की किसणीला चिकटतं. बाहेरून लोणी नाहीतर तूप. बिडाचा तवा तापला की आच एकदम बारीक करायची, सँडविच ठेवायचं आणि वर जड झाकण किंवा पाणी भरलेलं छोटं पातेलं. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग उलटून तेवढीच. घाई केलीत तर ब्रेड काळा होईल आणि चीज मात्र तसंच राहील. गॅसवर धरायचा हाताचा टोस्टर असेल तर आणखी सोपं. आमच्याकडे पावच जास्त चालतो. सकाळी सायकलवरून पों पों करत पाववाला येतो, त्याचा पाव मधून अर्धवट चिरून हेच भरायचं. पावात कडेने चीज ओघळतं, ते तव्यावर कुरकुरीत होतं, आणि त्या कडेवरून आमच्या घरात भांडणं होतात.

आता तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या मनात काय आलंय ते मला इथे बसून ऐकू येतंय. मासा आणि दुधाचा पदार्थ? एकत्र?

सासूबाईंनी पहिल्या दिवशी तेच विचारलं. आयुर्वेदात मासे आणि दूध एकत्र खाणं विरुद्ध आहार मानलाय, चरकसंहितेत तसं सांगितलंय. ज्यांच्या घरी ते पाळतात त्यांनी खुशाल पाळावं, मी कोणाला आग्रह करत नाही. सासूबाईंसाठी मी चीज आणि चक्का दोन्ही वगळते, ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी लावते आणि बाहेरून खोबरेल तेल. तेही फार चांगलं होतं, चटणी जरा घट्ट वाटा म्हणजे झालं. पण एक गोष्ट मी ठामपणे बोलणार. मासा आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतं असं जे म्हणतात, ते खरं नाही. कोडामध्ये शरीराची संरक्षण करणारी शक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. खाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि ते एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. आमच्या वाडीत एका मुलीच्या अंगावर पांढरे डाग आले, तेव्हा बायका तिच्या आईला विचारायच्या, डोहाळ्यांत काय खाल्लं होतंस ग? त्या माऊलीने वर्षभर स्वतःला दोष दिला. म्हणून म्हटलं, आज विषय निघालाच आहे तर सांगून टाकावं.

गरोदर बायांसाठी मात्र एक सूचना खरी आहे. समुद्रातले मोठे, पुष्कळ वर्षं जगणारे ट्यूना असतात, त्यांच्या मांसात पारा साठत जातो, आणि तो पोटातल्या बाळाला चांगला नाही. गेदर लहान असतो, त्यात तो कमी. तरीही पोटुशी बाई असेल तर रोज रोज नको, अधूनमधून खा, आणि बाकीच्या दिवशी तारली, बांगडा आहेतच.

ज्यांच्या गावापर्यंत ताजा मासा पोचत नाही, त्यांनी डबा आणावा, किंवा जून-जुलैत बंदी असते तेव्हाही. मिठाच्या पाण्यातला आणि तेलातला असे दोन प्रकार मिळतात. दोन्ही नीट निथळून घ्या. डब्यातला मासा शिजलेलाच असतो, पुन्हा उकडायचा नाही. फोडलेल्या डब्यात उरलेला मासा तसाच ठेवू नका, स्टीलच्या नाहीतर काचेच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. डबा फुगलेला असेल, गळत असेल, फोडताना फस्सकन आवाज करत पाणी उडालं, तर चाखूनसुद्धा पाहू नका.

आणि हो, आमच्या गटात एकीने विचारलं होतं, ताई, आपणच गेदर बरणीत भरून विकला तर? नाही. लोणचं वेगळं, त्यात आंबट असतं, मीठ असतं. नुसता मासा हवाबंद केला की हवेशिवाय वाढणारे जंतू त्यात विष करू शकतात, आणि ते विष माणसाला लुळं पाडतं, मारतंसुद्धा. कारखान्यात ठरावीक दाबाची, ठरावीक वेळाची यंत्रं असतात. आपला कुकर वरणभाताचा आहे. त्याच्या भरवशावर हे करू नका.

सँडविच विकणं मात्र जमतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटाने किनाऱ्यावर टेबल लावलं. गटाची अन्न परवान्याची नोंदणी आधीच होती, ती नसेल तर आधी करून घ्या. पहिल्या दिवशी आम्ही मासा सकाळीच कालवून ठेवला, दुपारपर्यंत कांद्याला पाणी सुटलं आणि सगळं सैल झालं. त्या दिवशी तोटाच. दुसऱ्या दिवसापासून उकडलेला मासा बर्फाच्या पेटीत कोरडाच ठेवला आणि गिऱ्हाईक आलं की दोन-दोन सँडविचपुरताच कालवायचा. फळ्यावर आधी 'ट्यूना चीज' लिहिलं होतं. मग एकीने ते पुसून 'आमच्या बंदरावरचा गेदर' लिहिलं. लोक थांबून विचारायला लागले, गेदर म्हणजे काय हो? विचारलं की मग खातातच. हिशेब करताना बर्फ धरायला विसरू नका, आम्ही पहिले तीन दिवस विसरलो आणि वाटत राहिलं की पैसे जातात कुठे. उरलेला मासा दुसऱ्या दिवशी विकायचा नाही हेही ठरलेलं आहे, तो आम्ही वाटून घरी नेतो आणि त्याच रात्री खातो.

या वैशाखात नणंद आली होती. मी काही बोलले नाही, तवा ठेवला आणि मुलांसाठी करायला घेतलं. मुलं आता मोठी झालीत, धाकट्याला मिसरूड फुटलंय. ती दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, वहिनी, बर्फात होता का? मी फ्रीजशेजारची पेटी उघडून दाखवली, बर्फ अजून शिल्लक होता. म्हणाली, मग मला पण एक. पण मिरची कमी.

आज संध्याकाळी होड्या लागतील तेव्हा मी बंदरावर आहेच. यायचं असेल तर पेटी घेऊन या, बर्फ तिथे वरच्या अंगाला मिळतो. नमस्कार.